अँटिबायोटिकनंतर तळपायांची आग: गोळीमुळे, साखरेमुळे की आणखी कशामुळे?

ऐरोलीच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. मिस्टर ५२ वर्षांचे, रबाळे एमआयडीसीत नोकरी, सहा वर्षांपासून मधुमेह, मेटफॉर्मिन चालू. उन्हाळ्यात तीनदा पोट बिघडलं. तिन्ही वेळा केमिस्टकडून ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोलची एकत्र गोळी आणून पाच-पाच दिवस घेतली. पावसाळ्याच्या तोंडावर लघवीचा जंतुसंसर्ग झाला, त्यासाठी दहा दिवस लिव्होफ्लॉक्सासिन. त्याच वेळी एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) ११ निघालं म्हणून इन्सुलिन सुरू केलं. अडीच महिन्यांत ते ७.४ वर आलं. ‘त्या सुमारास’ दोन्ही तळपायांची आग सुरू झाली आणि आता रात्री पायावर चादरही सहन होत नाही. एक डॉक्टर म्हणतात साखर, दुसरे म्हणतात अँटिबायोटिक. इंटरनेटवर वाचलं की हे आयुष्यभर जात नाही. शिवाय कळव्याच्या जाऊबाई बाळंतपणानंतर टीबीच्या गोळ्यांवर आहेत, त्यांच्याही पायांना मुंग्या येतात. त्यांनी गोळ्या बंद कराव्यात का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात उशीर परवडणारा नाही. नाही. जाऊबाईंनी टीबीची एकही गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. त्यांच्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो.

आता मिस्टरांचं. ताई, तुमच्या पूर्ण पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचे वाटले ते दोनच शब्द, ‘त्या सुमारास’. निदान तिथेच अडलंय. ठाण्यात इतकी वर्षं मज्जातंतूंच्या आजारांची ओपीडी करताना हे रोज दिसतं. लोक जाडजूड फाइल आणतात, एमआरआय आणतात, जीवनसत्त्वांचे महागडे रिपोर्ट आणतात. पण कोणती गोळी कोणत्या तारखेला सुरू झाली, कधी संपली आणि पहिली आग कोणत्या रात्री जाणवली, हे कुणाकडेच लिहिलेलं नसतं. औषधाने नसांना इजा झाली का, हे ठरवणारी एकच अशी रक्ततपासणी नाही. ते ठरतं तारखांवरून, एकूण किती गोळ्या पोटात गेल्या त्यावरून, आणि मूत्रपिंड त्या बाहेर टाकू शकत होतं का त्यावरून.

तुमच्या यादीतली एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटलेली दिसते. पोटासाठी घेतलेलं ऑफ्लॉक्सासिन आणि लघवीसाठी घेतलेलं लिव्होफ्लॉक्सासिन ही एकाच घराण्यातली औषधं आहेत, फ्लुरोक्विनोलोन. सिप्रोफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन हीसुद्धा त्यातलीच. म्हणजे तुमच्या हिशेबात दोन वेगळ्या आजारांची दोन वेगळी औषधं होती. माझ्या हिशेबात काही महिन्यांत एकाच गटाचे चार कोर्स झाले. या गटामुळे हातापायांच्या नसांना इजा होऊ शकते, ती औषध सुरू केल्यावर थोड्याच दिवसांत दिसू शकते आणि क्वचित कायमची राहू शकते, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या औषध नियामक संस्थेने) २०१३ मध्ये औषधाच्या माहितीपत्रकात ठळकपणे घालायला लावला. २०१६ मध्ये त्यापुढे जाऊन सांगितलं की साधं सायनस, साधा ब्रॉन्कायटिस, साधा लघवीचा संसर्ग यांसाठी दुसरा पर्याय असेल तर ही औषधं देऊ नयेत. २०१८ मध्ये युरोपनेही असेच निर्बंध आणले. आपल्याकडे मात्र जुलाब लागले की हीच एकत्र गोळी काउंटरवरून सहज मिळते. बहुतेक जुलाबांना अँटिबायोटिक लागतच नाही. ओआरएस, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, पेज, आणि रक्त किंवा ताप असेल तर डॉक्टर, एवढं पुरतं. या एकत्र गोळ्यांवर माझा राग जुना आहे आणि तो कमी होण्याची चिन्हं नाहीत.

पण घाबरण्याआधी प्रमाण लक्षात घ्या. ब्रिटनमधल्या रुग्णनोंदींवरचा एक मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात फ्लुरोक्विनोलोन घेणाऱ्यांमध्ये नसांच्या विकाराचा धोका साधारण दीडपट आढळला. आकडा भीतीदायक वाटतो. पण मूळ धोकाच इतका लहान आहे की त्यांच्या हिशेबाने दहा दिवसांच्या दीड लाख कोर्समागे एखादा जादा रुग्ण निघतो. इंटरनेटवर तुम्ही वाचता तो अनुभव त्या एखाद्याचा असतो. तो खोटा नसतो, पण बाकीचे लाखभर लोक बरे होऊन कामाला लागलेले असतात आणि ते काही लिहीत नाहीत.

दुसरा संशयित ऑर्निडाझोल. हे मेट्रोनिडाझोलचं भावंड. या कुटुंबाचा स्वभाव वेगळा आहे: एकेका कोर्सने सहसा काही होत नाही, त्रास होतो तो साठत गेलेल्या बेरजेचा. मेट्रोनिडाझोलबद्दल उपलब्ध नोंदी एकत्र करून पाहिल्या तेव्हा एकूण ४२ ग्रॅमच्या पुढे गेलेल्यांत नसांचा त्रास खूपच जास्त आढळला. ४०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा घेतली तर तिथे पोचायला ३५ दिवस लागतात. यकृतातल्या गळवासाठी, किंवा हाडातल्या अथवा मेंदूतल्या गळवासाठी महिनोन् महिने औषध चालतं, तिथे हे घडतं. मिस्टरांच्या बाबतीत ५०० मिलिग्रॅम दोनदा, पंधरा दिवस, म्हणजे एकूण १५ ग्रॅम. एवढ्याने मी त्याला मुख्य आरोपी मानणार नाही. मात्र एक विचारा: मधल्या काळात जीभ जड होणं, बोलताना अडखळणं, चालताना झोक जाणं असं काही झालं होतं का? हे औषध जास्त झालं तर लहान मेंदूवरही परिणाम करतं, एमआरआयमध्ये त्याच्या ठरावीक खुणा दिसतात, आणि औषध थांबवल्यावर बहुतेकांचं ते सुधारतं.

आता तिसरा संशयित, ज्याचं नाव दोन्ही डॉक्टरांनी घेतलेलं दिसत नाही. एचबीएवनसी अडीच महिन्यांत ११ वरून ७.४. घरात सगळ्यांना आनंद झाला असेल, आणि तो योग्यच आहे. पण वर्षानुवर्षं चढलेली साखर फार झपाट्याने खाली आली, म्हणजे तीन महिन्यांत एचबीएवनसी दोनपेक्षा जास्त अंकांनी उतरलं, तर काही जणांना पायांच्या बारीक नसांचा तीव्र, जळजळीत त्रास सुरू होतो. तो साधारण साखर उतरू लागल्यापासून आठ आठवड्यांच्या आत येतो, रात्री जास्त असतो, पांघरूण सहन होत नाही. तुमचं वर्णन या चित्राशी बरंच जुळतं. दिलासा असा की साखर स्थिर ठेवली तर हा त्रास काही महिन्यांत ओसरत जातो. याचा अर्थ इन्सुलिन सोडायचं असा कृपया काढू नका.

म्हणून आज रात्री दोघं मिळून एक कागद घ्या. बिलं, स्ट्रिप, मोबाइलमधले प्रिस्क्रिप्शनचे फोटो आणि केमिस्टचं रजिस्टर यांवरून तारखा काढा. लिव्होफ्लॉक्सासिन शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे विक्रीची कडक नोंद लागणाऱ्या औषधांच्या सरकारी यादीत आहे. मार्च २०१४ पासून अशा औषधांच्या विक्रीची वेगळी नोंद तीन वर्षं ठेवणं केमिस्टला बंधनकारक आहे, त्यामुळे तारीख तिथे मिळायला हवी. आग लिव्होफ्लॉक्सासिन चालू असताना किंवा संपल्यावर लगेच सुरू झाली असेल तर संशय गोळीकडे जातो. इन्सुलिननंतर महिना-दीड महिन्याने सुरू झाली असेल तर साखर वेगाने उतरल्याकडे. आणि नीट आठवून मिस्टर म्हणाले, ‘अहो, दोन वर्षांपासून पाय थोडे बधिर होतेच, चप्पल पायातून निसटायची तरी कळायचं नाही,’ तर मुळात मधुमेहाने आधीच पोखरलेल्या नसांवर हे नवं ओझं पडलं, असं धरावं लागेल. माझ्या अनुभवात या वयाच्या मधुमेही माणसात हे तिसरं उत्तर सगळ्यात जास्त वेळा खरं निघतं. आरोपी एकच असला पाहिजे असा नियम नाही.

मूत्रपिंडाचं विसरू नका. लिव्होफ्लॉक्सासिन मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडतं. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळण्यासाठी रक्तात मोजतात ते) वाढलेलं असेल तर डोस कमी करावा लागतो, नाहीतर नेहमीचा डोसही जास्तीचा ठरतो. लघवीच्या संसर्गाच्या वेळचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट शोधा. तो केलाच नसेल तर आता करा.

त्रास पायांपासूनच का सुरू होतो, हे नेहमी विचारलं जातं. कंबरेपासून अंगठ्यापर्यंत जाणारा मज्जातंतू शरीरातला सगळ्यात लांब. त्याच्या टोकापर्यंत लागणारा माल वरच्या पेशीतून पोचतो. पाइपलाइनच्या शेवटच्या वस्तीचं पाणी सगळ्यात आधी तुटतं, तसं विषारी परिणाम झाला की आधी बोटं, मग तळवा, मग घोटा. हातांची बोटं सहसा त्यानंतर. म्हणून दोन्ही पायांना सारखा, मोज्याएवढ्या भागात त्रास असेल तर औषध, साखर, जीवनसत्त्व, दारू असा विचार करायचा. एकाच पायात, मांडीच्या मागून खाली जाणारी कळ असेल तर तो बहुधा कंबरेचा विषय, त्यासाठी अँटिबायोटिकला दोष देऊ नये. टाचेच्या वर मागच्या बाजूला, चालताना दुखत असेल तर तेही वेगळं: याच फ्लुरोक्विनोलोनमुळे तिथला स्नायुबंध सुजतो, कधी तुटतोही. सोबत स्टिरॉइड घेतलं असेल किंवा वय साठच्या पुढे असेल तर धोका वाढतो.

पोटाच्या गोळ्यांनी नसा गेल्याचा सगळ्यात मोठा प्रकार जपानमध्ये घडला. क्लिओक्विनॉल हे जुलाबांवरचं औषध तिथे भरमसाट वापरलं गेलं आणि सुमारे दहा हजार लोकांना पाय बधिर होणं, चालता न येणं, काहींना दृष्टी जाणं असा आजार झाला. बराच काळ लोक तो संसर्गजन्य समजत होते. सप्टेंबर १९७० मध्ये औषधाच्या विक्रीवर बंदी आली आणि नवे रुग्ण जवळपास थांबले. जुलाब आधी, गोळी मग, पाय शेवटी. त्या क्रमातली मधली गोष्ट कुणी मोजत नव्हतं.

उलटंही घडतं, आणि तेही सांगायलाच हवं. कधी गोळी निर्दोष असते आणि जुलाबच दोषी असतात. कॅम्पिलोबॅक्टरसारख्या जंतूमुळे पोट बिघडल्यानंतर एक-तीन आठवड्यांत गुइयाँ-बारे, म्हणजे जीबीएस, हा प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटण्याचा आजार होऊ शकतो. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात याचे रुग्ण वाढले तेव्हा हे नाव घराघरांत पोचलं. त्यात आगीपेक्षा अशक्तपणा मोठा असतो: जिना चढता येत नाही, खुर्चीतून उठता येत नाही, आणि तो दिवसागणिक वर सरकतो. असं झालं, किंवा गिळताना, श्वास घेताना त्रास झाला, तर ओपीडीची वाट न पाहता त्याच रात्री आयसीयू असलेल्या हॉस्पिटलात जायचं. पापण्या आपोआप खाली येणं, एकाचे दोन दिसणं असेल तरीही तसंच. अशी लक्षणं मायस्थेनियात, म्हणजे स्नायू लवकर थकण्याच्या आजारात दिसतात, आणि तो असलेल्यांचा आजार फ्लुरोक्विनोलोनने बळावतो.

तपासण्यांत मी पैसे कुठे घालेन? बी-१२ (मेटफॉर्मिनने ते वर्षानुवर्षं हळूहळू उतरतं, मिस्टरांचं तपासायलाच हवं), थायरॉइड, क्रिएटिनिन, एचबीएवनसी, प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस (रक्तातल्या असामान्य प्रथिनांची तपासणी), एचआयव्ही. मग एनसीव्ही, म्हणजे नसांतून संदेश किती वेगाने जातो याची तपासणी. पण एनसीव्ही नॉर्मल आली म्हणून ‘तुम्हाला काही नाही, मनाचं आहे’ असं कुणी म्हटलं तर मान डोलवू नका. ती तपासणी जाड तंतूंची आहे. आग, टोचणं, चादर सहन न होणं हे बारीक तंतूंचं काम, आणि ते तिच्यात दिसत नाहीत. कंबरेचा एमआरआय या चित्रात बहुतेक वेळा वाया जातो. पन्नाशीनंतर प्रत्येकाच्या कंबरेत काहीतरी सापडतंच, आणि मग त्याचाच इलाज सुरू होतो.

रबाळ्याचा उल्लेख केलात म्हणून दोन प्रश्न विचारतो. मिस्टर कामावर सॉल्व्हंट, ग्लू, डिग्रीझिंगचं द्रावण हाताळतात का, बंद खोलीत? त्यातलं एन-हेक्झेन नसा खातं. आणि शक्तीसाठी किंवा साखरेसाठी कुठली भस्मं, पुड्या चालू आहेत का? त्यांत शिसं किंवा आर्सेनिक असू शकतं. हे लोक विचारल्याशिवाय सांगत नाहीत. ते त्यांना औषधच वाटत नाही.

उपचारांबद्दल. लिव्होफ्लॉक्सासिन संपलेलं आहे, म्हणजे मुख्य उपचार झालाच. पुन्हा ते नको. आगीसाठी ड्युलोक्सेटिन, प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन किंवा रात्री अगदी कमी डोसमध्ये, दहा मिलिग्रॅमपासून, अ‍ॅमिट्रिप्टिलिन यांपैकी एक सुरू करता येतं. ही औषधं नस दुरुस्त करत नाहीत, झोप मिळवून देतात, आणि झोप ही लहान गोष्ट नाही. प्रीगॅबालिनने गुंगी आणि पायांवर सूज येऊ शकते. मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस कमी. ‘नसांच्या ताकदीची’ म्हणून मिळणारी गोळी मात्र उलटी करून मागची यादी वाचा. तिच्यात बी-६ किती आहे? हे जीवनसत्त्व कमी पडलं तर नसा बिघडतात आणि मोठ्या डोसमध्ये महिनोन् महिने घेतलं तरीही बिघडतात. दोन-तीन डॉक्टरांच्या दोन-तीन गोळ्या मिळून दिवसाला शे-दोनशे मिलिग्रॅम पोटात जाणारे रुग्ण मला नियमित भेटतात. बी-१२ कमी निघालं तर त्याची इंजेक्शनं घ्या. नॉर्मल असेल तर महागड्या मिश्रणावर खर्च करू नका.

बरं होईल का? औषधाने झालेल्या इजेत एक फसवी गोष्ट असते: काही वेळा औषध बंद केल्यावरही पुढचे काही आठवडे त्रास वाढतो, आणि माणूस हादरतो. त्यानंतर वाढ थांबते. तुटलेला तंतू दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. घोट्यापासून अंगठ्यापर्यंतचं अंतर २० सेंटिमीटर धरलं तर सगळं नीट चाललं तरी सहा-सात महिने गेले. म्हणून पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून डॉक्टर बदलण्यात अर्थ नाही. बहुतेकांचा त्रास कमी होतो. काहींना बधिरपणाचा थोडा भाग उरतो. थोड्यांना आग वर्षानुवर्षं राहते, हे लपवण्यात अर्थ नाही. पण हा निकाल पहिल्या दोन महिन्यांत कुणीच देऊ शकत नाही, इंटरनेटवरचा अनोळखी माणूस तर नाहीच.

तोवर पाय जपा. गरम पाण्याच्या बादलीत थेट पाय घालू नका, तापमान कोपराने बघा. आग थांबावी म्हणून बर्फही लावू नका. आणि पाऊस चालू आहे. ठाण्यात वंदना सिनेमाजवळ किंवा स्टेशनबाहेर तुंबलेल्या पाण्यातून अनवाणी किंवा स्लिपरवर चालणं बंद. बधिर पायाला खिळा लागलेला कळत नाही आणि त्याच पाण्यात लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा जंतू) असतो. लेप्टोसाठी महापालिकेच्या दवाखान्यात डॉक्सीसायक्लिन दिलं तर घ्या. ते या फ्लुरोक्विनोलोन गटातलं नाही.

आता जाऊबाई. टीबीच्या चार औषधांतलं आयसोनियाझिड शरीरातलं बी-६ कमी करतं, त्यातून मुंग्या येतात. गरोदरपण, बाळाला पाजणं, कुपोषण, मधुमेह, दारू, एचआयव्ही असेल तर शक्यता वाढते. याचा तोडगा सोपा आहे: रोज १० ते २५ मिलिग्रॅम पायरिडॉक्सिन. मुंग्या सुरू झालेल्या असतील तर डॉक्टर डोस वाढवतात. टीबी केंद्रावर जाऊन ‘बी-६ ची गोळी मला मिळतेय का’ एवढंच विचारलं तरी निम्मं काम होतं. दुसरं लक्ष डोळ्यांवर. इथॅम्ब्युटॉल दृष्टीच्या नसेवर परिणाम करू शकतं, आणि आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ते आता पूर्ण सहा महिने चालतं. लाल-हिरवा फिका दिसू लागला, अक्षरं पुसट झाली तर त्याच दिवशी सांगायचं. डॉक्टरांनी ते वेळीच थांबवलं तर दृष्टी बहुधा परत येते.

त्यांचा टीबी औषधांना दाद न देणारा असेल आणि लिनेझोलिड चालू असेल तर गोष्ट जास्त गंभीर. ते जंतूची प्रथिनं बनवण्याची यंत्रणा बंद करतं, आणि आपल्या पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियाची यंत्रणा तिच्याशी इतकी मिळतीजुळती आहे की तीही अडते. २८ दिवसांच्या आत सहसा निभावतं, टीबीत मात्र महिने लागतात. दक्षिण आफ्रिकेतल्या ज्या चाचणीत दिवसाला १२०० मिलिग्रॅम दिलं गेलं, तिथे दहातल्या आठ रुग्णांना नसांचा त्रास झाला. पण त्याच उपचाराने दहातले नऊ रुग्ण बरेही झाले, आणि हा टीबी पूर्वी बहुतेकांचा जीव घेत असे. पुढे डोस ६०० वर आणल्यावर त्रास बराच घटला. भारताने २०२४ मध्ये मान्य केलेल्या सहा महिन्यांच्या बीपाल-एम उपचारातही (अशा टीबीवरच्या चार औषधांच्या जोडीतही) लिनेझोलिड ६०० च आहे. त्यामुळे मुंग्या आल्या तर डोस कमी करणं, मध्ये थांबवणं हे निर्णय त्या केंद्राचे डॉक्टर घेतात आणि लवकर सांगितलं तर त्यांच्या हातात पर्याय असतात. कुणी स्वतःच एखादी गोळी गाळली तर जंतू उरलेल्यांना सरावतो.

राहिला प्रश्न पुढच्या अँटिबायोटिकचा. मिस्टरांनी ती कायमची टाळायची गरज नाही, टाळायचा आहे तो एक गट. केसपेपरच्या पहिल्या पानावर, फॅमिली डॉक्टरांकडून सही घेऊन, लाल पेनाने लिहून घ्या: ‘फ्लुरोक्विनोलोन देऊ नये, नसांच्या इजेचा संशय.’ पाकिटात त्याचा फोटो ठेवा. पुन्हा लघवीचा त्रास झाला तर औषधाआधी लघवीचं कल्चर (कोणता जंतू आहे आणि त्यावर कोणतं औषध चालेल याची तपासणी) करा. नायट्रोफ्युरँटॉइन सुचवलं गेलं तर क्रिएटिनिन दाखवा. मूत्रपिंड कमजोर असताना किंवा महिनोन् महिने घेतल्यास तेही नसांना त्रास देतं. पेनिसिलिन किंवा सेफॅलोस्पोरिन गटातल्या गोळ्यांबद्दल नेहमीच्या डोसमध्ये ही भीती बाळगू नका.

आणि तारखा जुळून गोळीवरचा संशय पक्का झाला तर तो सरकारदरबारी नोंदवा. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्राम ऑफ इंडियाचा टोल-फ्री नंबर १८००-१८०-३०२४ आहे. रुग्णाला किंवा घरच्यांनाही फॉर्म भरता येतो, डॉक्टरच हवा असं नाही. त्यात औषधाचं नाव, बॅच नंबर, सुरू-बंद केल्याची तारीख आणि त्रासाचं वर्णन लागतं. म्हणून कागद पूर्ण होईपर्यंत रिकाम्या स्ट्रिप टाकू नका.